गुणाची पोर

आईनं चमचा पुन्हा ओठांशी नेला. ठकीनं तोंड घट्ट मिटून मान फिरवली आणि दाराकडे बघत राहिली. ठकीला सांभाळणाऱ्या मावशींना कामावरून काढल्याचा आज चौथा दिवस. दीड वर्षाची पोर चार दिवस दोन-चार घोट दुधावर होती.

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतून आई सहाला घरी यायची, तेव्हा ठकी मावशींच्या कडेवरून उतरायलाच तयार नसायची. एकदा तर आईनं हात पुढे केल्यावर तिनं मावशींनाच ‘आई’ म्हणत मिठी मारली. मावशी ओशाळल्या. आईच्या मनात मात्र ते सलत राहिलं. आठवड्याभरानं, ठकी झोपलेली असतानाच, तिनं मावशींना कायमचं जायला सांगितलं.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. नवरा म्हणाला, हट्ट सोड, बोलावून घे त्यांना. चार दिवस रजेवर असलेली आई शेवटी दुपारी ठकीला घेऊन मावशींचं घर शोधत गेली.

दार मावशींनीच उघडलं. त्यांच्या कडेवर दुसरंच कुणाचं तरी बाळ होतं, त्यांचं बोट चोखत.

ठकी अख्ख्या अंगानं झेपावली. मावशींचा मोकळा हात अर्धा उठला आणि तसाच खाली आला.

“नको ताई. आता घेतलं, तर तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं.”

“ती जेवत नाहीये.”

“जेवेल. सहा पोरं वाढवलीत मी अशी. एक दिवस आपोआप शांत होतात.”

“शांत म्हणजे?”

कडेवरचं बाळ कुरकुरलं, त्याला थोपटत मावशींनी हळूच दार लोटलं.

ठकीचे हात बराच वेळ बंद दाराकडे पसरलेले होते. मग तिनं ते खाली घेतले.

त्या संध्याकाळी तिनं वाटी संपवली. आईच्या जिवात जीव आला.

सोमवारी नव्या बाई आल्या. आईनं धास्तावतच ठकीला त्यांच्याकडे दिलं. ठकी निमूट गेली. दुपारी बाईंनी फोनवर कौतुकानं सांगितलं, फार गुणाची पोर आहे हो तुमची, शेजारची माणसं आली तर त्यांच्याकडेही गेली.

सहाला आईनं दार उघडलं. ठकी जमिनीवर बसली होती. तिनं मान वर केली.

“ठकी, मी आले.”

ठकी उठली, चालत आली आणि आईनं उचलल्यावर, जशी सकाळी नव्या बाईंच्या, तशीच निमूट तिच्या कडेवर बसली.