निजामभाईंचा चढ

“सारखा हॉर्न वाजवू नकोस गं, बॅटरी उतरेल!” निजामभाई गॅरेजच्या आतून ओरडले. मी पटकन हात काढला आणि ते पाना घेऊन वळल्यावर आणखी एकदा वाजवला.

काय करणार? गाडी माझी होती. म्हणजे अजून व्हायची होती, पण जवळजवळ माझीच होती. निळी स्कूटर, मागे दोन्ही अंगांना एकेक छोटं चाक जोडलेलं. त्यामुळे उभी केली की आपली आपण उभी राहते, पाय टेकावे लागत नाहीत. माझे पाय लहानपणीच्या पोलिओनंतर टेकायच्या कामाचे राहिले नाहीत. बाकी मी ठणठणीत आहे. आवाज तर इतका ठणठणीत, की भाज्याच्या लेण्यांखाली बसून मी “लिंबू सरबत!” म्हटलं की अर्ध्या पायऱ्या चढलेली माणसं परत खाली येतात.

ही स्कूटर आधी लोणावळ्यातल्या एका बाईंची होती. त्यांनी विकायला काढल्यावर निजामभाईंनी मला निरोप धाडला, चाकं जोडली, कुबड्या अडकवायला डाव्या बाजूला कडी बसवली. कागद झाले, लायसन्स झालं, पैशांचंही मिटलं. महिनाभर मी तुंगार्लीतल्या त्यांच्या आवारात गोल गोल फिरून त्यांच्या कोंबड्यांना हैराण करून सोडलं. आता फक्त चढ राहिला होता.

निजामभाईंचा तसा नियमच आहे. गॅरेजसमोरून धरणाकडे जाणारा चढ एकट्याने चढून दाखवल्याशिवाय ते साइडच्या चाकांची गाडी कुणाला देत नाहीत. नुसतं चढून भागत नाही. मध्ये बोगनवेलीचा बंगला लागतो, त्याच्या फाटकापाशी ते उभे राहतात आणि हात दाखवतात. तिथे थांबायचं आणि तिथूनच पुन्हा निघायचं. खंडाळ्याच्या एका गृहस्थांना हे जमलं नाही. ते भांडले, मग हात जोडले, पण किल्ली काही मिळाली नाही. “थांबलेली गाडी मागे आली तर मागून येणाऱ्या टेम्पोने काय करायचं? माझं नाव घ्यायचं?” असं निजामभाई म्हणतात आणि विषय संपवतात.

आणि मला किल्ली आजच हवी होती. बाजारपेठेतल्या राजेश्वरीताईंनी मला त्यांच्या चिक्कीच्या दुकानात काउंटर देऊ केला होता, परवाच्या सोमवारपासून. “काम पक्कं,” त्या म्हणाल्या होत्या, “पण येण्याजाण्याचं तुझं तू बघायचं. रोज कोणीतरी आणून सोडेल, या भरवशावर मी काउंटर देणार नाही.” काउंटर! डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची, समोर बिलाचं मशीन. उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्या बाईला विचारा काउंटर म्हणजे काय ते. आनंदाने माझी झोपच उडाली होती.

आबा, म्हणजे माझे वडील सावळा, बाहेर आमची तीनचाकी सायकल पुसत बसले होते. तीही आज विकायची होती, म्हणून टेम्पोत घालून आणली होती. वाकसईच्या कस्तुराबाई ती बघायला आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचा, मारुतीभाऊंचा, एक पाय कापावा लागला होता. लेक सासरी पाठवताना बाप जसा व्याह्यांना सगळं समजावून सांगतो, तसे आबा त्यांना सायकल समजावून सांगत होते.

“ह्ये बघा वैनी, सपाटीला हात लावायचा न्हाई. त्येंचं त्येंना जाऊ द्यायचं. चढ आला की हितं धरायचं.”

त्यांनी मागच्या दांड्यावर हात ठेवले. त्या दांड्याचा हिरवा रंग दोनच जागी गेला होता, बरोबर आबांच्या तळव्यांएवढा.

“आन् ढकलायच्या आदी सांगायचं, उचल.”

“काय उचलायचं?” कस्तुराबाईंनी विचारलं.

“हात वो!”

ते मीच सांगते. आमच्या सायकलीला डाव्या हाताने वळवायचा दांडा आणि उजव्या हाताने फिरवायचं पेडल. हे पेडल चाकाला बांधलेलं. मागून कोणी ढकललं की तेही गरगर फिरतं आणि त्यावर हात राहिला तर मनगट पिरगळतं. माझं लहानपणी पिरगळलं होतं. तेव्हापासून आबा चढाच्या तोंडाशी “उचल” म्हणतात, मी ब्रेक सोडून उजवा हात मांडीत घेते आणि आबा ढकलतात. घरातून लेण्यांपर्यंत, भाज्यातून मळवली स्टेशनापर्यंत, एक्सप्रेस वेवरच्या पुलाचा चढ धरून, सगळा रस्ता आम्ही असाच वाटून घेतलेला. सपाटी माझी, चढ आबांचे.

“चला, बबिताबाई,” निजामभाई हात पुसत बाहेर आले. “मी फाटकापाशी जाऊन थांबतो. हात दाखवला की थांबायचं. घाबरायचं नाही.”

“मी कशाला घाबरू?” मी म्हटलं. छाती एवढी धडधडत होती, की इंजिन चालू आहे की बंद ते मला कळेना.

मी निघाले. आणि काय सांगू! ॲक्सिलरेटरचा एवढासा कान पिळला की गाडी चढते! मनगट दुखत नाही, दंड भरून येत नाही. बंगल्यांच्या भिंती मागे पळायला लागल्या. एका फाटकातला कुत्रा माझ्यावर भुंकला, तेही मला कौतुकाने भुंकल्यासारखं वाटलं. फाटकापाशी निजामभाईंनी हात दाखवला. मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी ऐन चढावर जागच्या जागी थांबली. व्वा, मी स्वतःलाच म्हटलं.

आता निघायचं, एवढ्यात खालून आवाज आला.

“उचल!”

पुढे काय झालं ते मी केलं नाही, माझ्या हातांनी केलं. ब्रेक सुटले, उजवा हात आपसूक मांडीत आला आणि मी मान ताठ करून, सवयीने, शांतपणे वाट बघत बसले. गाडी मागे घसरायला लागली.

निजामभाई “ब्रेक! ब्रेक!” ओरडत धावले. पण आबा धोतराचा सोगा धरून खालून आधीच निघाले होते. या वयात हा माणूस एवढा पळतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी गाडीला दोन्ही हात लावले, थोपवली आणि तेवढ्यावर न थांबता ढकलायलाही सुरुवात केली.

“मी हाय, चल,” ते धापा टाकत म्हणाले. चेहरा असा फुललेला, की जणू परीक्षा त्यांचीच होती आणि ते पास झाले होते.

“सावळाभाऊ,” निजामभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले, “गाडी चालवायला लावली आहेत चाकं. ढकलायला नाही.”

“ती थांबलीवती म्हनून...”

“मीच थांबवली होती तिला!”

आम्ही तिघं खाली आलो. निजामभाईंनी किल्ली काढून खिशात टाकली. “आज राहू दे. पुढच्या शनिवारी बघू.”

“सोमवारी काउंटर आहे माझा!”

“म्हणूनच म्हणतोय. सोमवारी रस्त्यावर तू असशील. हे नसतील.”

मला रडू फुटलं. ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं, आणि राग निघायला समोर आबाच होते. “कशाला ओरडलात?” मी म्हटलं. “कोणी सांगितलं होतं? तुम्ही जा घरी. जावा!”

“बरं,” आबा म्हणाले. ते वळले, पण जायचं कुठे हे न कळून सायकलीपाशी जाऊन उभे राहिले. दोन्ही हात त्या दांड्यावर. त्या क्षणी मला माझी लाज वाटली आणि तरी राग जाईना.

निजामभाईंच्या घरच्या, जाहिदाभाभी, हे सगळं दारातून बघत होत्या. त्या दोन ग्लास चहा घेऊन आल्या. नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, “किल्ली द्या तिला.”

“अगं, पण...”

“द्या हो. चूक तिची नव्हती. आणि भाऊ, तुम्ही इकडे या. हा ग्लास तुमचा, हा बबिताचा. दोन्ही धरा. ती येईपर्यंत तिचा सांडायचा नाही, हां. आणि ही घ्या खारी.”

आबांनी दोन्ही हातांत ग्लास घेतले. चहा काठोकाठ आणि वाफाळता. खारी कुठे धरावी याचा त्यांनी जरा विचार केला आणि मग ती दातांत धरली. असे ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पळता येईना, बोलता येईना.

निजामभाईंनी बायकोकडे बघितलं. मिशीत हसले आणि किल्ली मला देऊन परत चढाला लागले.

दुसऱ्या खेपेला कुत्रा भुंकला नाही. फाटक आलं. हात आला. मी थांबले. खालून चकार शब्द नाही. एवढी शांतता मी कुठल्याच चढावर ऐकली नव्हती. तरी कानात ते “उचल” आलंच. उजव्या हाताची बोटं सैल व्हायला लागली. ती मला दिसत होती.

“न्हाई!” मी केवढ्यांदा तरी ओरडले आणि कान पिळला.

गाडी गुरगुरली, एकदा हादरली आणि निघाली. निजामभाईंच्या शेजारून, बोगनवेलीवरून, वरच्या खडबडीत रस्त्यावरून. ते “बास, बास, वळव!” म्हणत होते. मी कशाला वळवते! धरणाचं पाणी दिसेपर्यंत थांबलेच नाही. वर वारा होता, पाणी उन्हात लखलखत होतं आणि मी हॉर्न वाजवला. बॅटरी उतरायची तर उतरू दे. लांब, मनसोक्त वाजवला. कुठल्याच चढाच्या माथ्यावर मी आजवर एकटी पोचले नव्हते. मग सवयीने मान वळवून मागे बघितलं, नेहमी वर पोचल्यावर बघते तसं. मागे मोकळा रस्ता होता. मी पुन्हा हॉर्न वाजवला आणि वळले.

खाली आबा होते तिथेच उभे. दोन्ही ग्लास तसेच भरलेले, चहावर साय धरलेली. आणि खारी दातांत तशीच, एक घाससुद्धा खाल्लेला नाही. मी खदाखदा हसत सुटले. त्यांच्या तोंडातली खारी काढली, अर्धी मोडून त्यांना भरवली आणि अर्धी मी खाल्ली.

“तुमचा तरी प्यायचा ना!”

“तुजा बी हातात व्हता. एकट्यानं कसा पिऊ?” ते म्हणाले. मग जरा थांबून, “कुटं गेलतीस येवढी?”

“धरण बघायला.”

“कसं हाय?”

“लय भारी हाय, आबा.”

गाडीला हार घातला. चार चाकं म्हणून चार लिंबं लागली, ती माझ्याच सरबताच्या पिशवीतली. नारळ निजामभाईंकडे कायम असतो, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला. तो त्यांनी स्वतः फोडला आणि जाहिदाभाभींनी खोबरं वाटलं. मी चारही लिंबं एका दमात चिरडली. कस्तुराबाई सायकल घेऊन निघाल्या, तेव्हा आबा कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. तिथे छोटा उंचवटा आहे. तो त्यांनी स्वतःच्या हाताने पार करून दिला, मग परत आले आणि धोतराला हात पुसले.

“बसा,” मी म्हटलं.

“मी येतो की लोकलनी.”

“आबा, बसा मागं!”

ते बसले. आधी एकदम ताठ, हात मांडीवर, वरातीतल्या नवरदेवासारखे. वलवण मागे पडलं तसे जरा सैलावले. कार्ल्याच्या फाट्यावर ओळखीचे गेणूमामा दिसले, तर मी विचारायच्या आतच म्हणाले, “हॉर्न मार.” मी मारला. गेणूमामा तोंड उघडं टाकून बघत राहिले. आबांनी हातसुद्धा हलवला नाही, नुसती मान डोलावली, रोजच असे जातो अशा थाटात. मी वाऱ्यात गाणं म्हणत होते. कुठलं ते आठवत नाही.

मळवलीचं रेल्वे फाटक ओलांडलं आणि समोर पुलाचा चढ आला. आमचा चढ. इथे रोज आबा दम खायला थांबायचे आणि दम खातोय हे मला कळू नये म्हणून खालच्या गाड्या दाखवायचे.

मी “उचल” ची वाट बघितली. ते काही बोलले नाहीत. पण माझ्या पाठीवर दोन्ही तळवे टेकले. आधी हलकेच, मग जोर आला. आबा मला ढकलत होते.

मी कान थोडा सोडला. गाडी मंदावली. पाठीवरचा जोर वाढला, तसा मी कान हळूहळू पिळत गेले. जोर कमी झाला की कमी, वाढला की जास्त. अशी आम्ही दोघांनी मिळून गाडी पुलावर चढवली.

वर पोचलो तेव्हा मी आरशात बघितलं. आबांना चांगली धाप लागली होती.