डावा खांदा

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या मेंदूचा स्कॅन माझ्यासमोर धरला. "हा हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग. तुमच्या वडिलांचा बराच आक्रसलाय."

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. सकाळी बाबांनी मला "आपण कोण?" असं विचारलं होतं, तेही अगदी अदबीने.

"मग अजून कपडा बरोबर कसा बेततात? विसरायला काय मीच सापडले?"

"हातांच्या सवयी मेंदूत दुसरीकडे, खोलवर असतात. तो भाग या आजारात बराच काळ टिकतो. त्यांच्यावर रागावू नका."

सांगायला काय जातंय!

घरी पोचलो तशी बाबांनी गळ्यातली टेप सरसावली. "कोट शिवायचाय ना, ताई? सरळ उभ्या राहा."

वाद घालायचं त्राण नव्हतं. मी उभी राहिले. त्यांनी पाठ मापली, बाही मापली, उजवा खांदा मापला. डाव्यावर मात्र थांबले आणि अंगठ्याने चाचपू लागले.

माझा डावा खांदा जन्मापासून थोडा खाली आहे. लहानपणी माझ्या प्रत्येक फ्रॉकला बाबा तिथे आतून कापसाची घडी लावायचे. शाळेत कुणाला कधी पत्ता लागला नाही.

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"ताई, हा खांदा माझ्या मुलीचा आहे. तुमच्याकडे कसा आला?"

"तिनेच दिलाय," मी कसंबसं म्हणाले.

"मग नीट सांभाळा," बाबा हळूच म्हणाले. "फार तापट आहे पोरगी. पण माझी आहे."