अण्णांचा ऑटो

आमच्या दूध संघाचे अध्यक्ष गोरक्षअण्णा यांनी गेल्या महिन्यात डेटाबेस ऑटोवर टाकला आणि घोडेगावच्या बाजारापर्यंत सांगत सुटले. संघाच्या दुधाच्या सगळ्या नोंदी याच डेटाबेसमध्ये, क्लाउडवर म्हणजे भाड्याच्या संगणकांवर असतात आणि ते काम मी, भारती, एकटी सांभाळते. सकाळी सगळी केंद्रं एकदम नोंदी टाकू लागली की ॲप रेंगाळायचं. मी म्हटलं होतं, थांबा, तपासून करते. पण थांबतील तर ते अण्णा कसले!

त्यांच्या डोक्यात ऑटो म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा. लाईट आली की मोटार आपोआप चालू, गेली की बंद. पासवर्ड हट्टानं मागून घेतलेलाच होता. डेटाबेसच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' दिसलं, दाबलं.

क्लाउडचं बिल तिप्पट आलं. संचालकांच्या बैठकीत मला बोलावून सचिवांनी ठराव वाचला: भारतीच्या हलगर्जीपणामुळे जादा खर्च झाला, तो तिच्या पगारातून कापावा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सही कर, भारती. विषय संपव," अण्णा म्हणाले.

"न्हाई करनार. ऑटोवर तुमी टाकलं."

"मग काम नसलं की बंद व्हायला पायजे हुतं. न्हाई झालं, म्हंजी घोळ तुझाच."

"काम नसतंय कधी?" मी भिंतीकडे बोट दाखवलं.

तिथं अण्णांनी हौसेनं लावलेला मोठा टीव्ही. संघानं वर्षभरात गोळा केलेलं दूध त्यावर आकड्यात पळतं, पाहुण्यांना दाखवायला. तो आकडा दाखवण्यासाठी टीव्ही दर सेकंदाला डेटाबेसकडून वर्षभराची बेरीज मागतो, कार्यालयाला कुलूप असलं तरी. पूर्वी डेटाबेसची ताकद ठरलेली होती. तो रडतखडत उत्तर द्यायचा आणि बिलही ठरलेलं यायचं. ऑटोवर गेल्यावर तो लागेल तेवढी ताकद ओढू लागला आणि ओढली तेवढी बिलात चढली.

मी सरळ उठून टीव्हीचा प्लग उपटला आणि लॅपटॉप सगळ्यांसमोर फिरवला. पडद्यावरची डेटाबेसच्या वापराची रेघ उतरत उतरत तळाला आली.

"मोटारीची लाईट जाती, अण्णा. ह्याची कधी गेलीच न्हाई."

छबूबाई, संचालक मंडळातल्या एकमेव बाई, म्हणाल्या, "मंग चूक कुनाची लिवायची?"

"झालं गेलं," अण्णा घाईनं म्हणाले. "तांत्रिक बिघाड लिवा. पगार कापू नका, कुनाचं नावबी नको."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही. मला त्यांची मेहेरबानी नको होती.

"तांत्रिक म्हंजी ह्या संघात मीच हाय. वाचनारा माझ्याकडंच बघनार. ज्यानं दाबलं त्याचं नाव लिवा."

"आन् न्हाई लिवलं तर?"

"तर मी हितनं हलत न्हाई." मी खुर्ची ओढून अण्णांच्या समोरच बसले.

छबूबाईंनी सहीसाठी काढलेलं पेन पर्समध्ये टाकलं. "म्याबी नावाबिगर सही करनार न्हाई."

सचिवांनी चाचरत विचारलं, "अण्णा, काय लिहू?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही.

"लिव," ते म्हणाले, "माझं नाव लिव."