हाड शाबूत

"हाड मोडलेलं नाही ना? मग काढा तो पट्टा!" क्लेम टली डॉक्टरांवर खेकसला.

त्याची लेक ब्रॉनी खाटेवर उताणी पडली होती. मान कडक पट्ट्यात जखडलेली. आदल्या दिवशी रोमा गावच्या मैदानात, घोड्यावरून गुरं वळवायच्या स्पर्धेत, कळपातून वेगळा काढलेला गोऱ्हा वळवताना तिची घोडी घसरली आणि ब्रॉनी डोक्यावर आपटली. रुग्णवाहिकेची माणसं पोचायच्या आत क्लेमनं तिला काखेत हात घालून उभं केलं. "टलींची पोर आहे, पडली तर उठणारच," असं कुंपणाजवळच्या लोकांना ऐकवलंही. तेव्हापासून तिच्या हातांना मुंग्या येत होत्या. विमानानं टुवूम्बाच्या मोठ्या इस्पितळात आणेपर्यंत तिला पेलाही धरवेना.

"सीटी स्कॅनमध्ये फक्त हाडं दिसली," डॉक्टर पेरेरा म्हणाल्या. "मणके बांधून ठेवणारे बंध तुटलेत का, मज्जारज्जू दबलाय का, ते एमआरआयशिवाय कळणार नाही."

"मी जन्मभर पडत आलोय. मला कुणी नळकांड्यात कोंबलं नाही."

"म्हणूनच असा झालास, बाबा," ब्रॉनी छताकडे बघत म्हणाली.

यंत्रात शिरल्यावर पत्र्याच्या शेडवर कुणीतरी हातोडे घालतंय असा आवाज सुरू झाला. हलायचं नाही, असं बजावलं होतं. रडू येत होतं, पण हुंदक्यानं मान हलेल म्हणून तिनं तेही गिळलं. बापाच्या हातांची पकड अजून काखेत जाणवत होती. त्यानं उचललं तेव्हा मानेत काहीतरी करकरलं होतं. ती ओरडली होती आणि तो हसला होता.

बाहेर आणल्यावर डॉक्टरांनी दोघांना चित्र दाखवलं. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमागचे बंध फाटले होते, चकती मागे सरकून मज्जारज्जूला टेकली होती, आणि तिथं सूज पांढरी दिसत होती. ऑपरेशन लगेच करावं लागणार होतं.

"पडल्यावर हिला कुणी हलवलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

क्लेमनं चित्राकडे पाठ फिरवली. ब्रॉनीनं त्याला भरपूर वेळ दिला. मग म्हणाली, "यानं."

"सगळं माझ्यावरच ढकल! आणि हे बघ, फायनल सोडायची नाही. तुझ्या घोडीवर तुझ्या चुलतभावाला, कीथला बसवतोय. मी शब्द दिलाय."

"कुणाला विचारून?"

"अगं, तुला कुठं बसता येणार आहे आता?"

ब्रॉनीनं नर्सला फोन लावून कानाशी धरायला सांगितलं. मैदानाच्या सेक्रेटरीला ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "ब्रॉन्विन टली बोलतेय. घोडी माझ्या नावावर आहे. फायनलमधून तिचं नाव काढून टाका. टलींपैकी कुणी खोगीर घालायला आलं, तर हाकलून द्या."

"सगळ्या जिल्ह्यात माझं नाक कापलंस!" क्लेम ओरडला.

"नाकच ना? मान तर शाबूत आहे तुझी. निघ आता."

तो हलेना, तेव्हा डॉक्टरांनीच दार उघडून धरलं.

ऑपरेशन पार पडलं. आठवडाभरात उजवा अंगठा बोटांना टेकू लागला. डावी करंगळी मात्र बधिरच राहिली. क्लेम दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा ब्रॉनीनं नर्सकडून निरोप पाठवला, "भेटायचं नाही." घरी जायच्या दिवशी ती आत्याच्या गाडीत बसली आणि आत्याला म्हणाली, घोडी तुझ्याकडं आणून ठेव.