फळी

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत मोतीरामचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. दुकानाची फरशी मोरीकडे उतरती होती. म्हणून कुठलीही मोटारसायकल मोजायची, तर तो मागच्या चाकाखाली दीड इंची फळी सरकवायचा. तीस वर्षांचा शिरस्ता.

त्या दिवशी सकाळी परसात तोंड धुताना त्याला ती फळी पाण्याच्या पिंपाखाली दिसली.

"ही इथं कधी आली?"

"सोमवारी," त्याची बायको कलाबाई म्हणाली. "पिंप डुगडुगत व्हतं. तुमाला इचारलं तर हूं म्हणालात."

 तेजल या तरुण गिऱ्हाइकाच्या गाडीची चासी, म्हणजे सांगाडा, त्याने मंगळवारी कापली होती.

गाडी पन्नास वर्षांपूर्वीची, दगडधोंड्यांतून पाय न टेकवता हळूहळू न्यायच्या शर्यतींची. तेजलने ती तीन वर्षं शोधून मिळवली होती. तसली दुसरी चासी आता मिळणं नाही. गाडी जागच्या जागी वळत नाही, एवढीच तिची तक्रार. पुढच्या चाकाचे शॉकअप फार पुढे कललेले होते. हँडलचा पाईप कापून उभा करायचा, ओळंब्यापासून सत्तावीस डिग्रीवरून चोवीसवर आणायचा, असं ठरलं होतं. मोतीरामने ओळंबा सोडून चोवीस मोजले आणि पक्कं वेल्डिंग मारलं. पण फळी डोळ्यांसमोर नव्हती, आणि घालायची राहूनच गेली. मागचं चाक खाली, म्हणजे माप खोटं.

फळी काढून आणून त्याने गाडी पुन्हा मोजली. बावीस. इतकी उभी गाडी उतारावर चाक दुमडून पोरीला तोंडावर पाडायची. आणि पाईप परत कापावा, तर जुना पत्रा दुसऱ्यांदा आग सोसेल याची खात्री नाही.

दहाला तेजल आली. वरून रंग मारला असता तर कुणाला कळलं नसतं. पण मोतीरामने तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं, पिंपासकट.

तेजलने उठून गाडीचं सीट दाबून पाहिलं.

"काका, तुम्ही ही रिकामीच मोजली?"

"रिकामीच मोजतात, पोरी. अपघाताच्या गाड्यांवर माणूस कुठून आणू? तो दवाखान्यात असतो."

"पण ही मी उभ्यानं चालवते. सगळं वजन मागं. मागचे स्प्रिंग तर म्हातारे झालेत."

"म्हाताऱ्यांना नावं ठेवू नको."

फळी चाकाखाली तशीच ठेवून तेजल पायदानांवर उभी राहिली. कलाबाईने पुढून हँडल धरलं. गाडी मागे चांगलीच दबली. मोतीराम गुडघ्यावर बसला, ओळंबा सोडला. दोरी स्थिर होईपर्यंत थांबला.



त्याने कोपर गुडघ्यावर टेकवलं. वाचलं. चष्मा पुसून माप परत वाचलं.

"किती?" तेजलने विचारलं.

"चोवीस."

मंगळवारी फळी असती, तर तेजल उभी राहिल्यावर गाडी सव्वीसच्या घरात गेली असती, म्हणजे वळायला जडच राहिली असती.

तरी त्याचं समाधान होईना. दुपारी तो तिच्याबरोबर पेठ रोडपलीकडच्या कोरड्या ओढ्यात गेला. तेजल एका मोठ्या धोंड्याभोवती फिरली, पाय न टेकवता, आणि मग उतारावरून सावकाश खाली आली. चाक दुमडलं नाही. मोतीराम तिथेच खडकावर बसला. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, हे त्याला तेव्हा आठवलं.

संध्याकाळी कलाबाईने विचारलं, "मंग ऱ्हाऊ द्या ना फळी पिंपाखाली. काम झालं की बिनफळीचं."

"आंधळ्याच्या गाया देव एकदा राखतो," मोतीराम म्हणाला. "रोज त्याला हाक मारू नये."

त्याने फळी दुकानात नेली, खिळा ठोकून भिंतीला टांगली, आणि पिंपाखाली घालायला वीट शोधायला निघाला.