मिसेस कोंची खुर्ची

दिवाळी तोंडावर आली की सुचित्राबाईंचे हात शिवशिवायला लागतात. काहीतरी घासल्याशिवाय चैन पडत नाही बाईंना. सिंगापुरातल्या मरीन परेडच्या त्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळीच त्यांनी देवाची पितळी उपकरणी चिंच-मीठ लावून लख्ख केली. वाटीत थोडा कोळ उरला. टाकायचा कशाला? नजर घरभर फिरली आणि नेमकी त्या फ्रेंच खुर्चीवर जाऊन थांबली.

खुर्ची घरमालकिणीची. म्हाताऱ्या मिसेस कोंच्या नवऱ्याने हौसेने पॅरिसहून आणलेली, आता भाडेकरूंवर सोपवलेली. सुनेचा, क्षिप्राचा, त्या खुर्चीवर भारी जीव. घरं सजवण्याचं तिचं काम, त्यामुळे खुर्चीचं अख्खं कुळपुराण तिला पाठ. पाय असे बाकदार म्हणजे फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाच्या काळातली; सोळाव्याच्या काळात पाय सरळ झाले. हात मागे सरकवलेले, कारण बायकांचे घेरदार झगे मावायला हवेत. पाठ सपाट, म्हणजे ही भिंतीला टेकूनच ठेवायची. सुचित्राबाई ऐकून म्हणाल्या होत्या, "एवढा थाट, आणि मांडी घालून बसायची सोय नाही मेलीत!"

तर त्या खुर्चीच्या हातावरचं सोनेरी काम काळवंडलं होतं. बाईंनी पदर खोचला आणि चिंच चोळली. काळं निघालं. बाई खूश. आणखी चोळलं. मग सोनेरीही निघालं, आणि खालून तांबडं दिसायला लागलं, सोललेल्या गुडघ्यासारखं. घाबरून ओलं फडकं फिरवलं तर दुसऱ्या बाजूचं सोनंही फडक्यावर आलं.

"अगं बाई गं!" त्या मटकन खाली बसल्या.

मिसेस को रागावतील, ही भीती होतीच. पण खरी धडकी वेगळीच होती. गेल्या महिन्यात त्यांनी गॅस चालू ठेवला होता. त्याआधी तोआ पायोह स्टेशनला एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरल्या आणि घर कुठे ते आठवेना, म्हणून बाकावर बसून राहिल्या. त्या रात्री वेदांत, त्यांचा लेक, आतल्या खोलीत बायकोला म्हणाला होता, "आणखी एकदा असं झालं ना, तर पुण्यातल्या त्या वृद्धाश्रमाचं बघावंच लागेल." भिंतींना कान असतात म्हणतात, इथे भिंतीला सासूचा कान होता. तेव्हापासून बाई जीव मुठीत धरून वावरत होत्या.

शाल पांघरावी खुर्चीवर? की साफसफाईला येणाऱ्या बाईचं नाव घ्यावं? छे, तिच्या पोटावर पाय कशाला! मग त्यांना एकदम धीर आला. हे काही विसरणं नव्हे. हा अडाणीपणा. माणूस चुकतं की! चिंच कुठून घेतली, मीठ किती, आधी कुठला हात घासला, सगळं लख्ख आठवत होतं त्यांना.

क्षिप्रा दुपारीच घरी आली. खुर्ची बघून तिच्या हातातली पिशवी गळाली.

"मी केलं," सुचित्राबाईंनी सांगून टाकलं. "चिंचेने घासलं, पितळ घासतात तसं. मला सगळं आठवतंय हो, उगाच काही मनात आणू नकोस. मला ठाऊक नव्हतं, एवढंच."

क्षिप्रा हलक्या आवाजात म्हणाली, "आई, सोन्याचा वर्ख असतो तो. खाली तांबडी माती, त्याखाली खडूचा लेप. पाणी लागलं की निघतो. हे मी तुम्हाला सोमवारी सांगितलं होतं."

"मला? कधी?"

"काल परत सांगितलं. तुम्हीच म्हणालात, 'म्हणजे हिला अभ्यंगस्नान नाही!' आपण दोघी किती हसलो, आई."

सुचित्राबाईंनी आठवून पाहिलं. कालचं जेवण आठवलं, आमटीत जास्त झालेलं तिखट आठवलं. ते हसणं मात्र कुठेच नव्हतं. सून खोटं बोलत असेल तर बरं, देवा, असं म्हणत त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. क्षिप्राचे डोळे भरले होते.

तेवढ्यात वेदांतचा फोन आला.

"अरे, एक घोटाळा झालाय," क्षिप्रा म्हणाली. "मिसेस कोंची खुर्ची मी ओल्या फडक्याने पुसली. हो, मीच. माहीत असूनही, काय करू... आई? आई मजेत आहेत."

एरवी आमटीत मीठ कमी पडलं तरी नवऱ्याच्या कानावर घालणारी ही पोरगी! सासूचं पाप तिने बिनबोभाट आपल्या अंगावर घेतलं. धडधाकट सासूसाठी कोण करतं असं?

"अगं, ओरड की माझ्यावर," सुचित्राबाई म्हणाल्या. "चांगली खडसाव मला. भांड की गं!"

क्षिप्रा भांडली नाही. तिने नॅपकिन आणला, त्यांच्याजवळ खाली बसली आणि एकेक बोट धरून त्यांचे चिंचेचे हात पुसायला लागली. सुचित्राबाईंनी लहान मुलासारखे हात पुढे धरले होते, आणि तिला हात सोड म्हणायचंही त्यांना धैर्य होईना.