भावोजींना दिलेला भारदस्त शब्द

मला मेलीला शहाणपणा सुचला तो नेमका नको तिथे. भावोजी क्रेन चालवतात. वारा सुटलेला असताना त्यांनी लोखंडी तुळई उचलली, ती हेलकावली आणि खालच्या शेडचा पत्रा फाटला. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण चौकशी लागली, आणि चौकशीचे साहेब इंग्रजीशिवाय दुसरं बोलत नव्हते.

"घाई केली, चुकलो, एवढंच सांगायचंय," भावोजी म्हणाले. "मास्तरीणबाई, एक झकास वाक्य द्या."

घाईला साधा शब्द आहे, माझ्या सहावीच्या पोरांनाही येतो. पण शाळेत इंग्रजी शिकवणारी मेहुणी आणि वाक्य असलं पुळचट? मी 'इन्ज्युडिशस' काढला. भारदस्त शब्द ऐकला की माणसं नरमतात, अशी माझी अक्कल. 'माझा निर्णय इन्ज्युडिशस होता' हे इंग्रजीत त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून मीच ते छाटलं: 'आय ॲम इन्ज्युडिशस.' भांडी घासता घासता ताईलाही पाठ झालं.

भावोजी चौकशीहून खुशीत परतले. "साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की का? मी छाती काढून म्हटलं, येस सर."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा शब्द एखाद्या निर्णयाला लावतात, एखाद्या बोलण्याला लावतात, आणि तेवढ्यापुरताच. माणसाला चिकटवला की तो माणूसच मुळात अविचारी ठरतो.

त्यांना क्रेनवरून उतरवलं आणि गोदामात पाठवलं. नुसतं घाई झाली म्हणाले असते तर ताकीद देऊन सोडलं असतं, असं मुकादम म्हणाला. मी तडक साहेबांकडे गेले, शब्द माझा होता म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बोलले तर तेच ना? अशा माणसाच्या हाती क्रेन कशी देऊ?"

शेवटी भावोजींसमोर जाऊन बसले.

"भावोजी, मी चुकीचा शब्द दिला. मिरवायला दिला."

"अर्थ काय त्याचा?"

"ज्याला तारतम्य नाही, असा."

"मग बरोबरच दिलास की," ते म्हणाले. "तारतम्य असतं, तर अर्थ न विचारता बोललो असतो का?"

टोमणा असता तर मी मुकाट सोसला असता. ते अगदी मनापासून म्हणाले.